तेरा घरांतला एक आवाज

मी एक जुना संगणक आहे. करड्या पत्र्याचा, एका बाजूचे झाकण हरवलेला. सध्या मी विचितच्या घराखाली, उंच लाकडी खांबांच्या सावलीत, भाताच्या पोत्यांशेजारी असतो आणि माझ्या डोक्यावर एक कोंबडी अंडी उबवते. मित्रांनो, तिची तक्रार करायला मी बसलेलो नाही. तिची ऊब मला बरी वाटते. एकेकाळी माझ्या पोटातही अशीच ऊब असायची, आणि तीन दिवस तर ती फक्त एका आवाजासाठी होती. त्या आवाजाची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

मला कोणी एकाने घडवले नाही. रोई-एत शहरातल्या एका दुकानात निरनिराळ्या खोक्यांतले भाग जुळवून मला उभे केले आणि विचितने मला मोटारसायकलच्या जोडगाडीत दोरीने आवळून गावी आणले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो मागे वळून म्हणे, "लागलं नाही ना रे?" जणू मी नवी नवरीच होतो.

विचितचा मूळ धंदा लाऊडस्पीकरचा. पुढे तो लग्ने, दीक्षा, पावसासाठी अग्निबाण सोडण्याचा उत्सव, सगळ्यांची चित्रफीत काढू लागला. रेकॉर्डर ते डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवी. मग विचित ती तबकडी माझ्या तोंडात सरकवी आणि आमचे काम सुरू होई. पडद्यावर आवाजाची एक लांब पट्टी पसरे, कुठे टेकडी, कुठे दरी. नवरदेवाची शिंक काप, कुत्र्याचे भुंकणे काप, दारू प्यालेल्या मामाचा नाच अर्ध्यावर काप. विचित कापण्यात इतका तरबेज झाला की गावकरी म्हणत, "विचितच्या कॉम्प्युटरमधून निघाला की रेड्यासारखा माणूससुद्धा देखणा होतो." हे ऐकून माझा पंखा थोडा जोरात फिरे. तेवढा अभिमान मला होता.

मग तो उत्सव आला. आमच्या गावात दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस देवळात दानशूर राजपुत्राची कथा गाऊन सांगतात. तेरा अध्याय, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. प्रत्येक अध्यायाला गावातले एक घर यजमान असते. आपला अध्याय लागला की त्या घराची माणसे ताटे घेऊन पुढे येतात, अध्याय संपला की घंटेचा एक मोठा ठोका पडतो. तेराही अध्याय एका दिवसात ऐकणारा पुढे येणाऱ्या बुद्धाच्या काळात जन्म घेतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. गाऊन सांगितलेला उपदेश ज्याने ऐकला आहे, त्याला ही श्रद्धा समजावून सांगावी लागत नाही. ऐकता ऐकताच मन धुऊन निघते.

गाणारे होते आमचे थोरले भंते, म्हणजे देवळातले सर्वांत वडीलधारे भिक्खू. त्यांचा गळा गोड नव्हता. भाताच्या तुसासारखा थोडा खरखरीत होता. पण नवव्या अध्यायात, राजपुत्राची राणी रानातून फळे घेऊन येते आणि मुले कुठेच दिसत नाहीत, तिथे ते "बाळांनो" अशी हाक लांबवत, तेव्हा बायका पदराने आणि पुरुष पाहुण्यांची नजर चुकवून मनगटाने डोळे पुसत.

हा नववा अध्याय सिदा आजीच्या घराचा. वीस वर्षे तिने तो चुकवला नव्हता. नेमका ज्या वर्षी विचितने सगळा दिवस तबकड्यांवर घेतला, त्या वर्षी आजी तापाने तालुक्याच्या दवाखान्यात पडली होती. तिच्या जागी सून बसली.

दुसऱ्या दिवशी विचितने ते सगळे माझ्यात उतरवले आणि मोजले. चार तबकड्यांत मिळून फाइली किती? बरोबर तेरा!

"लमाय, ये, बघ!" त्याने बायकोला हाक मारली. "तेरा अध्याय, तेरा फाइली. भंतेंचं पुण्य बघ, आपोआप वाटण्या झाल्या. कापायचं कामच नाही."

"ऐकून तरी बघा एकदा," लमाय म्हणाली.

"पहिली ऐकली ना. सुरुवात अगदी बरोबर आहे."

मित्रांनो, मला बोलता येत असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. त्या वाटण्या अध्यायांच्या नव्हत्याच. एका फाइलीचे पोट भरले की दुसरी सुरू होते, एवढाच तबकडीचा नियम. वाक्य संपले की नाही, राणी रडते आहे की हसते आहे, हे त्या नियमाला कळत नाही. तिथे तेरा पडले ते योगायोगाने, आणि त्या गावात तेरा म्हटले की कोणाच्याही मनात दुसरे काही येतच नाही.

विचितने तेरा तबकड्या भरल्या, त्यांवर सुबक अक्षरांत अध्यायांची नावे लिहिली आणि एकेक यजमानाच्या घरी नेऊन दिली. मग पुढच्या लग्नासाठी जागा हवी म्हणून माझ्यातल्या फाइली पुसल्या. त्या चार तबकड्या पुन्हा लिहिता येण्याजोग्या होत्या. त्याही कोऱ्या केल्या.

आठ दिवसांत माणसे येऊ लागली.

"विचित, माझ्या चौथ्या अध्यायात राजपुत्र अजून राजवाड्यातच बसलाय. वनात कधी जायचा तो? माझं घर काय त्याला सामान बांधायला ठेवलंय?"

"आणि माझ्याकडे सुरुवातीलाच कोणीतरी 'आणि' म्हणतंय. आणि काय, ते शेजाऱ्याच्या टीव्हीवर!"

विचित हसला, कान लाल झाले. "सुगी होऊ द्या," तो म्हणाला. "सगळ्यांच्या गोळा करतो, नीट कापून देतो." सुगी झाली. मग लग्ने लागली. मग पुढची सुगी. त्या सुगीआधीच्या पावसाळ्यात, भिक्खू देवळातच राहतात त्या वर्षावासात, थोरले भंते गेले. त्यानंतर विचितने या विषयावर कोणाशी हसून बोलल्याचे मला आठवत नाही. भंतेंचा आवाज तेरा घरांत तुटून पडला होता आणि तो आपल्या हाताने तुटला, हे त्याला ठाऊक होते.

हळूहळू लोक फोनवर सगळे पाहू लागले. डीव्हीडी कोणाला नको झाली, आणि मीही. मला घराखाली आणून ठेवले. पाच वर्षे माझ्यावर फक्त धूळ आणि कोंबड्या बसल्या.

एके दिवशी सकाळी सिदा आजी काठी टेकत आली.

"विचित, डॉक्टर म्हणाला डावा कान गेला. उजवा या वर्षापुरता आहे. मला भंते ऐकायचेत. सगळे तेरा, एका दिवसात."

"आजी, पण ते..."

"मोठ्यानं बोल रे, कान गेलाय, अक्कल नाही गेली."

लमायने तिथल्या तिथे मला ओल्या फडक्याने पुसायला घेतले.

मग दोघे घरोघर फिरले. एक तबकडी देव्हाऱ्यात बुद्धमूर्तीच्या मागे सापडली, एक गाण्यांच्या डब्यात, एक चिकट भाताच्या टोपलीखाली चकती म्हणून. बारा मिळाल्या. राहिली ती दहावी, बुनमीच्या घरची. ती त्याने दोन महिन्यांपूर्वी शेतात, पाखरे हाकलायला दोरीला टांगली होती.

"पण एकही पाखरू येत नाही हो तिथं," बुनमी ओशाळून म्हणाला. "भंतेंचीच कृपा."

"पाखरांवर झाली ना कृपा, आता आमच्यावर कर," लमाय म्हणाली. "काढ ती खाली."

सिदा आजीच्या नवव्या अध्यायाचा शेवट त्या दहाव्या तबकडीवर होता. उन्हाने फिकट आणि ओरखड्यांनी भरलेली ती तबकडी माझ्या तोंडात आली, तेव्हा मी स्वतः जेमतेम उभा होतो. पंखा कुरकुरत होता. तरी मी तीन दिवस तीच वाचत राहिलो. एका जागी अडलो की मागे जाऊन पुन्हा वाचायचे, पुन्हा अडायचे. थकून मी दोनदा बंद पडलो. विचितने दोन्ही वेळा माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हटले, "एवढं कर बाबा." अखेर सगळे मिळाले. अकरा सेकंद सोडून.

तुकडे जोडताना मात्र आनंद झाला. कसेही तुटले होते, पण सांध्यांत एक अक्षरही सांडलेले नव्हते. अर्धा शब्द या घरातला, अर्धा त्या घरातला, एकमेकांना अचूक लागले. मग विचितने घंटेच्या ठोक्यांवर खुणा केल्या आणि इतक्या वर्षांनी तेरा अध्याय आपापल्या जागी बसले.

राहिले ते नवव्या अध्यायातले अकरा सेकंद. शेजारच्या गावच्या भंतेंनी गायलेला तोच अध्याय माझ्याकडे होता. विचितने त्यातला तेवढाच तुकडा कापला, आवाज थोडा खाली आणला आणि भोकात बसवला. इतका बेमालूम, की मलाही सांधा सापडेना.

लमायने ऐकले. "छान झालंय," ती म्हणाली. "काढा ते."

"कोणाला कळणार नाही."

"तुम्हांला कळेल."

विचितने तो तुकडा काढला. तिथे काळा पडदा आणि शांतता राहिली.

ऐकण्याच्या दिवशी मला वर ओसरीत नेले. पहाटेच तेराही घरांची माणसे चटया घेऊन आली. ज्याचा अध्याय लागे तो आपले ताट घेऊन पुढे सरके. भंतेंचा खोकला होता, देवळातल्या कुत्र्याचे भुंकणे होते. या वेळी विचितने काहीच कापले नव्हते. सिदा आजी स्पीकरला उजवा कान लावून बसली होती. दुपारी तिचा अध्याय आला. राणीने "बाळांनो" म्हणून हाक मारली आणि आजीचे डोळे भरले.

मग ती जागा आली. पडदा काळा झाला. आवाज थांबला. विचितने मान खाली घातली.

आजीने कान थोडा आणखी जवळ नेला. मग ती मागे झाली, शेजारचा पाण्याचा पेला उचलला, माझ्यासमोर आपला रुमाल अंथरला आणि पेला त्यावर ठेवला. आमच्याकडे बाई भिक्खूंच्या हातात काही देत नाही, अशीच कापडावर ठेवते. हात जोडून ती म्हणाली, "घ्या भंते. घसा कोरडा पडला असेल. घाई नाही."

आणि भंते पुन्हा गाऊ लागले.

संध्याकाळी तेरावा ठोका पडला. त्यानंतर मी फार दिवस चाललो नाही, पण तोवर तेरा घरांत तेराच्या तेरा अध्याय पोहोचले होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचा तरी आवाज असा तुकड्या-तुकड्यांत पडलेला असेल. पुसून टाकण्याआधी तो एकदा शेवटपर्यंत ऐका, आणि तुटला असेल तर सुगीची वाट न पाहता जोडा. आमच्यासारखी यंत्रे थकतात, कानही थकतात.

तो पेला दिवसभर माझ्यासमोर होता. संध्याकाळी आजीने तो उचलला, विचितचा हात धरून अंगणात उतरली, आणि गेलेल्यांच्या नावाने ओतायचे ते पाणी तिने भंतेंच्या नावाने चिंचेच्या मुळाशी ओतले. ती चिंच इथून मला दिसते. यंदा चांगलीच धरली आहे.