कोरडा तळहात

नजमाने कुंडीत लोटाभर पाणी ओतलं आणि सवयीने बुडाखालून तळहात फिरवला. तळहात कोरडा निघाला.

तीस वर्षं तिने हेच केलं होतं. खुर्शीदने फुटकी बादली सांधायची, नजमाने पाणी भरून खालून हात फिरवायचा, हात कोरडा निघाला की बादली गिऱ्हाइकाला द्यायची. पण ही बादली नव्हती. गुणवंतरावच्या नर्सरीतली झाडाची कुंडी होती आणि तिच्यातून पाणी गळायला हवं होतं. काल दुपारी खुर्शीदने तिच्या डोळ्यांदेखत तापल्या सळईने एकेका कुंडीच्या बुडाला करंगळीएवढं भोक पाडलं होतं.

तिने कुंडी उलटी केली. भोकाच्या जागी हिरव्या प्लास्टिकचं ठिगळ होतं, वितळवून बसवलेलं आणि कडेने इतकं घासलेलं की नखालासुद्धा लागू नये. दुसरी कुंडी उलटी केली, तिसरी केली. ओसरीच्या भिंतीला लावलेल्या अख्ख्या रांगेची तीच गत होती. सकाळी ती रेशनच्या रांगेत चार तास अडकली होती आणि एवढ्या वेळात या माणसाने हा उद्योग करून ठेवला होता.

नजमाने हातातली कुंडी भिंतीला टेकवली.

आत बाजेवर खुर्शीद घोरत होता. दुपारची जोहरची नमाज झाली की तासभर झोपायचं, हे तो अजून विसरला नव्हता. बाकीचं विसरणं मात्र उन्हाळ्यापासून सुरू होतं. एकदा बाजारातून रिकाम्या पिशवीने परतला. एकदा थोरल्या भावाला जेवायला बोलव म्हणाला. भावाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. वय झालं की व्हायचंच, असं नजमा शेजारणींना सांगायची, आणि स्वतःलाही. मुलगा रईस फोनवर म्हणाला होता, अब्बाला आता कामाला बसवू नको, चंद्रपूरला आणून सोड. तिने उडवून लावलं होतं. शेगडीपुढे बसला की हा माणूस पूर्वीसारखाच दिसायचा. तेवढ्याच आधारावर तिचे दिवस निघत होते.

टेम्पो चारला येणार होता. गुणवंतराव माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. हे त्याला कळलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सावली गावात होईल, आणि मग फुटकी बादली घेऊन या ओसरीवर कोण चढणार? आधीच दोन हजार साल लागल्यापासून बादली फुटली की फेकून नवी आणणारी माणसं गावात निघू लागली होती.

तिने निखारे फुंकले, सळई खुपसली आणि पहिल्या कुंडीच्या ठिगळावर दाबली. सळई अडली. ठिगळ मूळ बुडापेक्षा जाड होतं. पुन्हा तापवून दोन्ही हातांनी रेटावी लागली. धूर घशात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. एखादं तरी कच्चं काम करायचं होतंस रे बाबा, ती मनात म्हणाली. तिला त्याचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. रांगेतल्या शेवटच्या कुंडीपर्यंत तिचे खांदे भरून आले होते.

तेवढ्यात तो डोळे चोळत बाहेर आला, आपल्या पाटावर बसला आणि एक कुंडी उचलून उजेडात धरली.

"कोनं आणून टाकल्या ह्या? एकाचं बूड धड नाई."

"झाडाच्या कुंड्या आहेत जी. भोक पाह्यजेच त्याले. गुणवंतरावच्या आहेत."

"हो, गुणवंतरावच्या." तो ओशाळून हसला. "कालच तं पाडले म्या."

त्याने कुंडी खाली ठेवली. नजमाने राख सारखी केली, वळून पाहिलं, तर कुंडी पुन्हा त्याच्या मांडीवर होती आणि ठिगळ वितळवायची पत्र्याची पट्टी निखाऱ्यात. तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हो म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने कुंडीला हात घातला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

नजमा उठून आत गेली. निळ्या बादलीतलं पाणी तिने मोरीत ओतलं. गेल्या ईदला घेतलेली बादली, कडीसुद्धा अजून ढिली झाली नव्हती. ती ओसरीच्या आडोशाला आणली, उपडी घातली आणि तापलेली सळई आरपार घातली. मग ती त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

"हे गळून राह्यली. आधी हे करा."

खुर्शीदने हातातली कुंडी तशीच सोडली. बादली फिरवून पाहिली, भोकात बोट घातलं.

"नवीच दिसते."

"नव्याच लवकर फुटतेत आता."

"माल हलका येते," तो म्हणाला आणि निळा तुकडा शोधायला लागला.

गुणवंतराव आला तेव्हा तो पट्टी फिरवण्यात गढलेला होता. कुंड्या टेम्पोत चढल्या. गुणवंतरावने एक उचलून भोकाला डोळा लावून पाहिलं.

"झकास. काऊन खुर्शीदभाई, बादल्या सुटल्या नाईत का अजून?"

"लोकं आणतेत भाऊ. नाई कसं म्हणाव?"

"भाभी, बुधवारी आणखी आणतो कुंड्या. भाईचा हात बसला आता."

"आणा," नजमा म्हणाली. "सकाळी नोका आणू. दुपारच्याले आणा, मी घरी असतो तवा."

टेम्पो गेला. खुर्शीदने बादली घासून, फुंकून तिच्याकडे सरकवली. तिने लोटाभर पाणी ओतलं आणि खालून तळहात फिरवला. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, लग्नानंतरच्या पहिल्या बादलीच्या वेळी पाहत होता तसाच.

"कोरडा," ती म्हणाली.

त्याने समाधानाने पट्टी पुसली, पाटाखाली ठेवली.

"उद्याले आहे का काही?"

नजमाने मोरीकडे पाहिलं. तिथे लाल बादली होती, आणि तिच्यामागे लहान पिवळी.

"आहे एक," ती म्हणाली.