कपाटातला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा हट्ट माझाच. त्र्याण्णव साली परभणीत हा शब्द उच्चारला की लोक दोनदा विचारायचे.

आमच्या ज्वारी संशोधन केंद्राला एक कॉम्प्युटर मंजूर झाला होता. तेवढ्या रकमेत टेबलावरचा, रंगीत पडद्याचा येत होता, आणि आमचे प्रमुख किशनराव साहेब त्यावरच अडले होते. आल्यागेल्याला दाखवायला बरा. मी ऐकलं नाही. पेडगावच्या भुजंगरावांच्या रानात माझं नवं वाण तीन रब्बी हंगाम घेतलं होतं. पेरणीआधीच्या बैठकीत त्याचं विश्लेषण ठेवलं नाही तर वाण चाचण्यांतून बाद होणार होतं. विश्लेषणाचा प्रोग्रॅम सलग एक दिवस आणि रात्रभर चालायचा आणि मध्येच थांबला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे तर वीज रात्रीतून दोन-तीनदा जायची. म्हणजे बॅटरीवर तग धरणारं मशीनच हवं.

औरंगाबादच्या विक्रेत्याकडे जुन्या मॉडेलचा, मिणमिणत्या काळ्यापांढऱ्या पडद्याचा एक लॅपटॉप पडून होता. आकडेमोडीची वेगळी चिप बसवल्याशिवाय तो प्रोग्रॅम सुरूच होत नसे. मी प्रिंटरवर पाणी सोडलं आणि ती चिप बसवून घेतली. साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली. मी केंद्रात पेढे वाटले. मूर्खासारखे.

लॅपटॉपची नोंद झाली स्टोअरकीपर रामकिशनच्या नावावर. त्याने त्याला कुंकवाचं बोट लावलं, हार घातला आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. सकाळी सही घेऊन मला द्यायचा आणि साडेपाचला परत न्यायला हजर.

"एवढी महागाची वस्तू, आन् काखोटीला मारून नेता येती," तो म्हणाला. "गेली तर माझ्या पगारातून कापतेत, मॅडम."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच संताप आला. साहेबांकडे गेले. रात्री मशीन केंद्रातल्या माझ्या खोलीत राहू द्या, हवं तर मी स्वतः थांबते, म्हटलं. बाईमाणूस रात्री केंद्रात थांबलं तर लोक काय म्हणतील, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मग फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "मोठा घेतला असता तर टेबलावरच राहिला असता. उचलून नेण्यासारखा तुम्हालाच हवा होता."

त्यांना मजा वाटत होती. मी रोज सकाळी प्रोग्रॅम सुरू करायची आणि संध्याकाळी अर्ध्यावर मारायची. कॅल्क्युलेटरवर करायला बसले असते तर निवृत्ती आली असती.

बैठकीला साहेबांनी लॅपटॉप सोबत नेला. चहाच्या वेळी उघडून सगळ्यांना दाखवला, बॅटरीचं कौतुक सांगितलं. माझं वाण पाच मिनिटांत बाद झालं.

हे सांगायला मी पेडगावला गेले. भुजंगराव बांधावर बसले होते.

"नापास झाली का आमची ज्वारी?"

"नापास न्हाई," मी म्हणाले. "तपासलीच न्हाई."

ते बांधावरून उठले.

"मंग तीन साल आमच्या रानात काय करायलता तुमी?"

दसऱ्यानंतर त्यांनी रानात लावलेली आमच्या केंद्राची पाटी उपटून काढली आणि तिथं घरचं जुनं बी पेरलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.