वेंग गुरुजींच्या दोन बाह्या

देवळाच्या अंगणात नुसती झुंबड उडाली होती. मनगट दुखावलेलं पोर वेंग गुरुजींकडे न्यायचं, देवाने कौल दिला की हाड जुळलंच म्हणून समजा, असा गुरुजींचा डंका साऱ्या गावात वाजत होता.

युए-शियाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. झोक्यावरून पडलेल्या लेकीला, रुओ-लानला, तिने सकाळीच दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड जरासं चेपलंय, सरकलेलं नाही. हा पट्टा तीन आठवडे बांधा, मग घरीच काढा." ना प्लास्टर, ना सुई. ह्याला काय उपचार म्हणायचं? पोरीचा हात जन्माचा अधू राहिला तर? ह्याच धास्तीने ती इथे धावली होती.

पुढे एक मुलगा होता, मनगट पळीसारखं वाकलेलं. गुरुजींनी ते चाचपलं आणि बाहीतून कौलाच्या लाकडी चंद्रकोरींची जोडी काढून फरशीवर टाकली. दोन्ही पालथ्या पडल्या.

"देव नको म्हणतोय. मागल्या जन्मीचं पाप आहे. आठवडाभर उदबत्त्या लावा, मग या."

मुलाचा बाप मान खाली घालून बाजूला झाला.

मग रुओ-लान. पुन्हा चाचपणी, पुन्हा चंद्रकोरी. एक पालथी, एक उताणी.

"देवाचा होकार! काढा तो पट्टा. एक हिसका दिला की हाड जागेवर."

"आई, आत्ताच्या कोरी त्यांनी दुसऱ्या बाहीतून काढल्या," रुओ-लान म्हणाली.

युए-शिया चपापली. एरवी ह्या देवळात कौल ज्याचा त्यानेच लावायचा असतो, मग हा का लावतो? तिने पट्टा तसाच राहू दिला आणि कोरी उचलल्या.

"अहो बाई, विटाळ होईल!"

"होऊ दे. देवा, मघाचा मुलगाही बरा होईल ना?" होकार. "मी रोज सासूचे पाय चेपते ना?" होकार. सासू-सुनेचं भांडण ठाऊक असलेले खो खो हसले. "आणि हा वेंग लबाड आहे ना?"

एक पालथी, एक उताणी.

कुणीतरी कोरी दगडावर फोडल्या. एकीच्या पोटात शिसं, दुसरीच्या पाठीत. मग गुरुजींच्या पहिल्या बाहीतली जोडीही लोकांनी ओढून काढली; ती कितीदाही टाका, नकारच देई.

युए-शियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाचपून सरळ लागलेली मनगटं हा उपचाराला घेतो, ती अशीही भरून येतात. वाकडी देवाच्या नावाने हाकलतो. आणि आपण पोरीच्या हाताला हिसका द्यायला निघालो होतो! ती त्या बापाकडे धावली.

"अहो दादा, आठवडाभर थांबलात तर हाड वाकडंच जुळेल. दवाखान्यात न्या, आत्ता."

त्याने पोराला स्कूटरवर बसवलं आणि तो निघाला.

देवाला विचारायचं तर खुशाल विचारा, बाबांनो. पण पोराचं मनगट आधी डॉक्टरला दाखवा; आणि तो म्हणाला की नुसता पट्टा पुरे, तर तेवढ्यावर विश्वास ठेवायचीही हिंमत करा.