आत्यानं हॉटेल तपासलं

डोळ्यांची शपथ, गळ्याची शपथ, हवी तर सात पिढ्यांची शपथ घेते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मध्ये कुणी हसलं तर मी तिथंच तोंड मिटेन.

एक आत्या होती. इतकी संशयी, की घरात दूध उतू गेलं तरी आधी शेजारणीच्या खिडकीकडे बघायची. तिच्या भाचीला हॉटेलात नोकरी करायची होती. पर्यटन आणि हॉटेलातल्या कामांची माहिती द्यायला कॉलेजात एक टायवाले सर आले, तेव्हा आत्याही जाऊन पहिल्या रांगेत बसली. सर म्हणाले, आधी काउंटरवर आठ तास उभं राहायला शिका, आणि आठव्या तासालाही पहिल्या तासाइतकंच गोड बोला. मोठ्या हॉटेलांत मुख्य ऑफिस आपला तपासनीस साधा पाहुणा बनवून गुपचूप धाडतं, तो कोण ते कुणालाच कळत नाही. म्हणून सख्खा बाप आला तरी ओळखपत्र मागा.

एवढं सांगून सरांनी दमडी घेतली नाही, वर भाचीला एका हॉटेलचा पत्ताही दिला. आत्याच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. फुकट कोण कुणाचं भलं करतं?

भाची तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. शेवटच्या दिवशी मॅनेजर ठरवणार होता, ठेवायची की घरी पाठवायची. नेमक्या त्याच दिवशी आत्या पिशवी घेऊन काउंटरपुढे उभी. म्हणे, बघते तरी काय शिजतंय ते.

भाचीनं घाम पुसला आणि ओळखपत्र मागितलं.

"अगं, मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखते हो आत्या. रजिस्टर नाही ना ओळखत."

आत्या फणकारली, पण कार्ड काढलं. वर खोलीत जाऊन तिनं दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, उशी हुंगली, पलंगाखाली वाकून पाहिलं, नळ तीनदा सोडून बंद केला. टॉवेल ठेवायला आलेली बाई हे बघून धावतच मॅनेजरकडे गेली.

पाचव्या मिनिटाला मॅनेजर फळांचं ताट घेऊन दारात.

"मी मागवलं नव्हतं," आत्या म्हणाली. एकेक फळ उलटून पाहिलं आणि ताट परत सरकवलं.

मॅनेजरचा चेहरा पडला. भेट नाकारते, म्हणजे हीच ती तपासनीस! त्यानं हळूच विचारलं, काउंटरवरची मुलगी कशी वाटली? आत्यानं सरळ सांगितलं, ती माझी भाची आहे. मॅनेजर कसनुसं हसला. असं सगळेच सांगतात, म्हणाला. मागच्या वेळचा तपासनीस आमच्या लिफ्टवाल्याचा मेहुणा बनून आला होता.

त्यानं भाचीला वर बोलावलं. आता ती नुसती गप्प राहिली असती तरी नोकरी पक्की होती; तपासनीस जिला भाची म्हणते, तिला कोण काढणार? तिनं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बुटांकडे.

"साहेब, ही खरंच माझी आत्या आहे. तुमचं हॉटेल नाही, मला तपासायला आलीये."

मॅनेजरनं दोघींचे चेहरे ताडून पाहिले. एकीचं नाक दुसरीच्या तोंडावर, फणकाराही तोच. मग त्याला पटलं, आणि तो धपकन पलंगाच्या कडेला बसला.

"सख्ख्या आत्याकडे ओळखपत्र मागितलंस?"

"मागितलं."

"आणि मी चुकतोय हे तोंडावर सांगतेस." त्यानं ताटातलं एक केळं सोलून स्वतःच खाल्लं. "उद्या सकाळच्या पाळीला ये. पक्की."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरनं दिलेलं नेमणुकीचं पत्र आत्यानं मात्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, शिक्का नखानं खरवडून पाहिला, आणि मॅनेजरकडे त्याचं ओळखपत्र मागितलं.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकते. लिफ्टवाल्याचा मेहुणा तेवढा माझ्या पदरचा. त्या हॉटेलात लिफ्टच नव्हती.