आबाजींचं गळू

बाळांनो, अशी कल्पना करा: तुमच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलाय. तीन आठवडे झालेत. टाच वांग्यासारखी जांभळी झालीय आणि आत कुणीतरी जातं ओढत बसलंय. कल्पना करवत नसेल तर राहू द्या. मोशीच्या इंद्रायणीची टाच खरोखरच तशी झाली होती.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. इंद्रायणी नऊ वर्षांची. तिला टाचेपेक्षा देवाची धास्ती जास्त होती. एकादशीला देवळात प्रवचन करताना आबाजी म्हणाले होते, "दुखणं म्हंजे देवाची किरपा! जो त्याचे उपकार मानतो, त्यालाच गुण येतो." मग तिला पुढे बसवून म्हणाले, "म्हण पोरी, पांडुरंगा, तुजे उपकार झाले!"

सारा गाव बघत होता. इंद्रायणीच्या तोंडून शब्द फुटला नाही. देवासमोर खोटं कसं बोलायचं? दुसऱ्या दिवशी ठणका वाढला. देव रुसला, आता पाय काही बरा होत नाही, असं तिनं मनाशी धरलं.

दर सोमवारी चावडीत कंपाउंडर उद्धवराव येत. टाच चिरून पू काढला नाही तर विष वर चढेल, असं त्यांनी बजावलं होतं. दोनदा ती लंगडत पळाली होती. तिसऱ्या सोमवारी आईनं तिला चावडीच्या दाराशी बसवलं, तर रांगेत पुढे आबाजी उभे.

"बसा की, आबाजी," इंद्रायणी म्हणाली.

"न्हाई बसवत."

"का? गळू झालंय? ढुंगणावर?"

आबाजींनी छताकडे पाहिलं.

"मग उपकार मानले का?" इंद्रायणीनं अगदी मनापासून विचारलं. तिला रीत शिकायची होती.

तेवढ्यात उद्धवरावांनी त्यांना बाकावर पालथं पाडलं. "पोरी, तोंड तिकडं कर," आबाजी कण्हले, "पन हात दे."

सुरी टेकली आणि चावडी हादरली. "अरं काळ्या! कमरेवर हात ठेवून बघतोस व्हय? तुज्या ढुंगणावर एक उठू दे, मग कळंल!"

उद्धवरावांना हसू आवरेना. इंद्रायणी मात्र हात घट्ट धरून सांगत होती, "दम सोडा, आबाजी. ठणका लाटंवानी येतो. आता चढंल... हां, आता ओसरंल."

आणि तो ओसरला.

आबाजी डोळे पुसत उठले. "चाळीस वर्सं लोकांना शिकवतोय. परीक्षा आज झाली. नापास!"

"मग देव रुसंल?"

"एवढ्या शिव्या दिल्या तरी मला बरं वाटतंय. तुज्या गप्प बसन्यावर काय रुसतोय तो!" मग ते हळूच म्हणाले, "पन उपकार मानले मी. तुज्या काट्याचे. तो मोडला नसता, तर लाट ओसरती हे मला कोन सांगनार व्हतं?"

इंद्रायणीनं टाचेकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती तिच्याकडे जरा मानानं बघत होती.

"पुढचं कोण?" उद्धवरावांनी विचारलं.

आबाजींची बोंब ऐकून, सुजलेलं बोट पदरात लपवून छबूबाई हळूच दाराबाहेर सटकत होती.

इंद्रायणी बाकावर चढली. "छबूकाकू, पळू नगा! हिकडं या, माजा हात धरा. लाट कशी ओसरती ते दावते तुमाला."

आणि तिनं टाच पुढे केली.