ऐनाचं पाणी

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात धामणवाडीच्या रानात जत्रेसारखी माणसं लोटली होती. कुणी शिराळ्याहून यष्टीनं आलं, कुणी उंब्रजहून ट्रकनं, तासगावकडची माणसं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून. गावोगावच्या विहिरींनी तळ दाखवला होता, आणि इथं सह्याद्रीच्या कड्याखाली जलनाथ महाराज त्रिशूळ मारून झाडातून पाणी काढत होते.

महाराज डोळे मिटून ऐनाच्या झाडांमधून फिरत, खोडांवर हात फिरवत, मध्येच थरथरत. मग सांगत, "सात पाताळांखालून गंगामाई निघालीय. कैलासाला वळसा घालून आलीय. बाजूला व्हा, तिला दम लागलाय." गंगामाईला दम का लागावा, हे कुणी विचारत नव्हतं. त्रिशूळ खोडात रुते, उपसला की पाण्याची धार उडे आणि बाया ओंजळी पुढं करत. हे तीर्थ कावीळ, मूळव्याध, वांझपण आणि सापाचं विष उतरवतं, असं महाराजांचा शिष्य ओरडून सांगे. शेवटी महाराज डोळे वटारून बजावत, "दुसऱ्या कुणी ह्या झाडाला लोखंड लावलं, तर त्याचे डोळे जातील." म्हणून कुणी लावलं नव्हतं.

रंगुबाईनंही ते पाणी दोनदा डोळ्यांना लावलं होतं. तिचा नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात सासू मनुबाई आणि चौथीतली लेक हौसा.

एका सकाळी करवंदं काढायला हौसानं जाळीत हात घातला आणि तिला साप चावला, फुरसं. रंगुबाईनं तिला उचललं ती थेट घराकडं आणली.

"आत्ती, यष्टी अजून फाट्यावर आसंल. मी हिला शिराळ्याच्या दवाखान्यात नेती."

"दवाखान्यातनं कोन जित्तं आलंय?" मनुबाई म्हणाली. "दारात द्येव आलाय, आन् तू यष्टी धरतीस व्हय?"

रंगुबाई क्षणभर उंबऱ्यात थांबली. झाडातून पाणी उडताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती रानाकडं वळली.

महाराजांनी हौसाच्या हातावर धार धरली, तांब्याभर पाणी पाजलं. पोरीनं तोंड वाकडं केलं. "आये, ह्ये ऐनाचं पानी हाय. नाथाजी गुरुजींनी दावलंय आमास्नी. त्या झाडाच्या पोटात अस्तंय."

रंगुबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला आणि महाराजांकडं बघून म्हणाली, "पोर हाय. चूक पदरात घ्या."

दुसऱ्या दिवशी हौसानं भाकरी खाल्ली. हात सुजला होता, पण ती बोलत होती, हसत होती. महाराजांनी तिला सगळ्यांसमोर बसवलं. फुरशाचं विष उतरल्याची बातमी गावोगाव पोचली आणि गर्दी दुप्पट झाली. दुपारी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

"विष बाहेर पडतंय," महाराज म्हणाले. "येऊ द्या."

रक्त येतच राहिलं. सुट्टीत तासगावकडच्या आपल्या गावी गेलेले नाथाजी गुरुजी तिसऱ्या दिवशी परतले. पोरीला बघताच त्यांनी एका ट्रकवाल्याला गाठून मायलेकींना गाडीत बसवलं. शिराळा दिसायला लागलं होतं. हौसानं पाणी मागितलं, आणि ते मिळायच्या आत आईच्या मांडीवर तिचा जीव गेला.

शिराळ्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. खाली मान घालून म्हणाला, "फुरशाचं विष सावकाश चढतं. आधी माणूस बरा दिसतो, मग रक्त थांबत नाही. इंजेक्शन होतं हो माझ्याकडं. चावल्याबरोबर आणायला पाहिजे होतं."

तिकडं महाराजांनी सांगून टाकलं, "आईच्या मनात किंतू आला. गंगामाई रुसली."

हे रंगुबाईच्या कानावर आलं तेव्हा गुरुजी भेटायला येऊन बसले होते. मग तिनं विचारलं, "गुरुजी, ऐनाच्या पोटात पानी अस्तंय, पोर म्हनत व्हती त्ये खरं हाय?"

"खरं आहे. समुद्रावरनं येणारे ढग ह्या डोंगरांना अडतात, चार महिने कोसळतात. मग आठ महिने कोरडे. ह्या रानातल्या प्रत्येक जिवानं तेवढे दिवस काढायची काहीतरी सोय केलेली असते. ऐन खोडात पाणी साठवतो. सगळी झाडं नाही, काही मोजकीच. त्यांच्या खोडाला फुगवटा येतो. जंगलखात्याच्या माणसांना हे ठाऊक आहे."

"मला दावा."

महाराजांचा दरबार भरला होता, तेव्हा रंगुबाई कुऱ्हाड घेऊन गर्दीतून पुढं आली. मागं गुरुजी होते, आणि सुनेला आवरायला आलेली मनुबाई. महाराजांनी त्रिशूळ न मारलेल्या, हळदकुंकू न लागलेल्या एका ऐनाच्या फुगवट्याखाली रंगुबाईनं घाव घातला.

"डोळे जातील," महाराज ओरडले.

पाण्याची धार तिच्या लुगड्यावर उडाली. आणि मग एक म्हातारी पुढं येऊन रंगुबाईच्या पायावर कोसळली. "आई, माज्या नातवाला हात लाव."

रंगुबाई मागं सरली. तिला रडू फुटलं. "आवं, माज्यात द्येव आस्ता तर माजी हौसा मेली आस्ती का? उटा. तुमी मारा."

कुणी हात पुढं करेना. तेव्हा तिनं कुऱ्हाड मनुबाईच्या हातात दिली. "आत्ती, तुमी मारा. त्या तिकडल्या झाडावर."

मनुबाई त्या झाडाजवळ गेली. गुरुजींनी फुगवटा दाखवला. तिनं डोळे मिटून घाव घातला, आणि पाणी आलं. तसंच, तेवढंच. मनुबाईनं डोळे उघडले. ते शाबूत होते. तिनं पाण्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि कुऱ्हाड टाकून खाली बसली. "मीच न्हेऊ दिली न्हाई गं," एवढंच ती म्हणाली.

मग लालासाहेब नावाच्या एका पेन्शनर जवानानं कुऱ्हाड उचलली. सपाट खोडावर मारली, काही आलं नाही. फुगीर खोडावर मारली, धार आली. गुरुजी म्हणाले, "महाराज खोडांवर हात फिरवतात तो फुगवटा चाचपायला. डोळे जायची भीती एवढ्यासाठी, की तुम्ही करून बघू नये." महाराजांकडं बघायला माणसं वळली तेव्हा त्यांची जागा रिकामी होती. शिष्य तेवढा नारळांचं पोतं ओढत पळत होता.

रंगुबाई सासूजवळ बसली. माणसं काही ऐकायच्या आशेनं उभी होती.

"द्येवाला हात जोडा, मी नगं म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पन लेकराला साप चावला तर दवाखाना गाटा. आन् कुनी म्हनलं ह्येला हात लावू नगा, डोळं जात्याल, तर आदी हात लावून बगा. माज्या लेकीला कळलं व्हतं. मी तिचं त्वांड दाबलं."

तिनं मनुबाईला हाताला धरून उठवलं आणि दोघी घराकडं चालू लागल्या. गर्दीनं वाट दिली. ह्या वेळी कुणी पाया पडलं नाही.