चौसष्टाव्या भागावरची खूण

मी कवळ्या बनवते. लोकांना हसू येतं, येऊ दे. म्हातारपणी सगळ्यांची गाठ माझ्याशीच आहे.

सव्वीस वर्षं झाली या लॅबमध्ये. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात, त्यावरून मी मेणात दात बसवते आणि मग तो सगळा ऐवज पितळी साच्यात आवळून गरम पाण्यात ठेवते. दीड तास. तेवढा वेळ त्याला हात लावायचा नाही, घाई केली की कवळीत बुडबुडे धरतात. पूर्वी या दीड तासात मी पॉलिशवाल्या काकांशी भांडायचे. आता चिनी चित्रकथा वाचते.

हो, त्याच. पडद्यावर वरून खाली सरकवत जायच्या, संपता न संपणाऱ्या. एक खडूस श्रीमंत मालक, त्याच्याशी करार करून केलेलं लग्न, आणि मेलेली नायिका सूड उगवायला दहा वर्षं मागे जाऊन पुन्हा जन्म घेते. भाषांतर तर असलं, की नायक प्रेमात येऊन म्हणतो, 'स्त्री, तू माझ्या परवानगीशिवाय आजारी पडलीस.' आणि दात! एवढी देखणी माणसं, केसन्‌केस वेगळा काढलेला, पण तोंड उघडलं की आत नुसती एक पांढरी पट्टी. दात पाडलेलेच नाहीत. असली कवळी मी दिली असती तर डॉक्टरांनी माझ्या तोंडावर फेकली असती. भिकार आहे सगळं. पण मेले प्रत्येक भाग नेमका अशा जागी तोडतात, की पुढचा उघडल्याशिवाय घास उतरत नाही.

हे वेड मुळात माझं नव्हे. माझ्या मुलीचं, ठकीचं.

ठकी आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. आमच्याच कामाच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली होती, आणि निकालाच्या दिवशीसुद्धा ही बया टॅबलेटमध्ये डोकं घालून बसलेली. मी तो हिसकावला, कपाटात टाकून कुलूप लावलं आणि बोलले, "तुझ्यापेक्षा कवळी बरी. निदान बसवलेल्या जागी बसते तरी." माझ्या तोंडाला लगाम कधी नव्हताच. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर तिची बॅग जागेवर नव्हती.

दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे, एवढं तिच्या मावशीकडून कळलं. माझा फोन ती उचलत नाही. आधी मी रोज करायचे, मग रविवारी, आता करत नाही. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून कुकरशी बोलते. तो निदान शिट्टी तरी मारतो.

दोन महिन्यांपूर्वी मी तो टॅबलेट कपाटातून काढला. कामावर दातांच्या रंगांचे फोटो नीट बघायला मोठा पडदा हवा होता. चार्ज करून चालू केला, तर तिचं चित्रकथांचं ॲप आपोआप उघडलं. खातं तिचंच, तसंच चालू. एका कथेवर लाल खूण होती: भाग दोनशे त्रेचाळीस, वाचला, चार मिनिटांपूर्वी.

घड्याळात दीड वाजला होता. म्हणजे जेवणाची सुट्टी. म्हणजे पोरगी कुठेतरी बसून जेवत होती, एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाइल. घरी अशीच जेवायची आणि मी ओरडायचे. मेणाची सुरी हातात धरून मी तिथेच रडले. पॉलिशवाले काका म्हणाले, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "मेणाचा धूर."

तेव्हापासून रोज दीड वाजता बघते. तिथे दिवसाला एक भाग फुकट उघडतो, त्यामुळे खूण रोज एक घर पुढे सरकते. सरकली की माझा जीव भांड्यात पडतो. जेवली.

मग मीही पहिल्यापासून वाचायला घेतलं. पोरगी ज्यापायी वेडी झाली ते आहे तरी काय, म्हणून. तिने उघडलेले भाग उघडेच राहतात. रोज एखाद-दुसरा वाचायचा, साचा शिजेपर्यंत. अडचण एवढीच, की खात्याला खूण एकच. मी विसावा भाग उघडला की खूण विसाव्यावर येते. म्हणून माझं वाचून झालं की तिचा शेवटचा भाग पुन्हा उघडायचा, न बघता मिटायचा. खूण होती तिथे परत. आई आपल्या खात्यात शिरली आहे हे कळलं, तर ठकी पासवर्ड बदलणार. मग ती जेवली की नाही हे मला कोण सांगणार?

आज घोळ झाला. साचा लवकर पाण्यात गेला होता, म्हणून बारालाच वाचायला बसले. एकसष्टावा भाग. तेवढ्यात दातांचे डॉक्टर तणतणत आले. एका आजोबांची कवळी हसताना खाली पडते म्हणे. मी म्हटलं, "ठसा वाकडा घेतलात तर मी काय जादू करू?" झालं, जुंपली. त्यांना वाटेला लावून वळले तर घड्याळात पावणेदोन.

खूण एकसष्टावर राहिली होती.

टॅबलेट पालथा ठेवून मी आधी साचा काढला, थंड केला, उघडला, कवळी घासली. घासताना एका दाताचा टवका उडता उडता राहिला. शेवटी मन घट्ट करून पडदा उजळला.

पासवर्ड मागितला नाही. खूण चौसष्टाव्या भागावर होती.

मी यादी खाली सरकवली. वाचलेले भाग तिथे करडे होतात. तीनशे दोन करडा झाला होता. म्हणजे तिने आपला आजचा भाग वाचला होता, आणि मग मुद्दाम मागे येऊन माझ्यासाठी खूण ठेवली होती. पण बासष्टावर का नाही? ठकी परीक्षेत नापास होईल, मोजण्यात चुकणार नाही.

मग काय, मी उघडले ते दोन भाग. माझा स्वभावच तसा.

बासष्टाव्यात नायिकेची आई डबा घेऊन तिच्या दारात येते. त्रेसष्टाव्यात नायिका तिच्या तोंडावर दार लावते आणि वळूनही पाहत नाही. मागून तो खडूस म्हणतो, 'स्त्री, तुझे पाऊल धाडसी आहे.' मला हसूसुद्धा आलं. खाली वाचकांनी लिहिलेलं असतं. त्यात एकावर 'तुम्ही' अशी चिठ्ठी होती, म्हणजे याच खात्यावरून, ठकीने लिहिलेलं. तारीख निकालाच्या दिवसाची. कुलूप लावल्यावर मोबाइलवरून लिहिलं असणार.

'बरं केलं. मागे वळून पाहिलं नाही, तेच आवडलं. उद्या मलाही जमलं पाहिजे.'

किती वेळा वाचलं कोण जाणे. पुसायचं बटण शोधलं, तिच्या वतीने. लिहिलेलं पुसायची सोयच नाही तिथे. तिनेही शोधलं असेल. माझ्या तोंडून गेलेलं तरी मला कुठे पुसता आलं? म्हणून जेवता जेवता, हातातला घास बाजूला ठेवून, पोरीने मला त्या दोन भागांवरून अलगद उचलून पलीकडे ठेवलं होतं. लहान मुलाला चिखलावरून उचलून ठेवतात तसं. मला फार रडू आलं, आणि या वेळी मेण तापलेलंही नव्हतं.

"जमलं नाही गं तुला," मी म्हटलं.

"काय नाही जमलं?" काका म्हणाले.

"तुम्हाला नाही बोलले. पॉलिश करा."

माझ्या वाचण्याने खूण आता त्रेसष्टावर आली होती. मी चौसष्टावा भाग उघडला, न बघता मिटला. खूण पुन्हा तिने ठेवली होती तिथे गेली. उद्या दीड वाजता ती बघेल, तेव्हा तिला वाटू दे, आईने मधलं काही वाचलं नाही.